पिरॅमिडखालचा लूव्र

पॅरिसचा लूव्र संग्रहालयासाठी बांधलेलाच नव्हता. फिलिप ऑगस्ट राजाने ११९० च्या सुमारास तेथे किल्ला उभारला, पुढे त्याचा राजवाडा झाला आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, तो संग्रहालय म्हणून जनतेला खुला झाला. सरदार-दरकदारांच्या ये-जा करण्यापुरते दरवाजे वाड्याला होते. लाखोंची गर्दी सामावेल असे दार नव्हते. एक अख्खी बाजू अर्थखात्याने अडवलेली, तर मधल्या नेपोलियन प्रांगणात मोटारी उभ्या असत.

अर्थखात्याला हलवण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी १९८१ मध्ये जाहीर केला. १९८३ मध्ये संग्रहालयाच्या फेररचनेचे काम आले चिनी वंशाचे अमेरिकी वास्तुकार आय. एम. पेई यांच्याकडे. वाड्याच्या तिन्ही बाजूंना सारखेच जवळ असे ठिकाण म्हणजे प्रांगण. तेथे नवी इमारत उभी केली तर वाडा झाकला जाणार. म्हणून तिकिटे, सामानघर, सभागृह, पुस्तकांचे दुकान सगळे पेईंनी जमिनीखाली नेले. उरला प्रश्न उजेडाचा आणि दार दिसण्याचा. काचेचा पिरॅमिड हे त्याचे उत्तर.

आराखडा जाहीर होताच पॅरिसमध्ये गदारोळ झाला. तेव्हाचे महापौर जाक शिराक यांच्या सूचनेवरून १९८५ मध्ये प्रांगणात तारा ताणून पिरॅमिडचा खराखुरा आकार लोकांना दाखवण्यात आला. उंची सुमारे २१ मीटर, पायाची बाजू ३५ मीटर. भोवतालच्या वाड्यापुढे तो ठेंगणाच. साध्या काचेत हिरवट झाक असते आणि तिच्यातून वाड्याचा पिवळसर दगड वेगळाच दिसला असता. पेई अडून बसले, तेव्हा सँ-गोबँ कंपनीने खास नितळ काच तयार केली. तावदाने ६७३ आहेत; ६६६ ही सैतानाची संख्या म्हणून सांगितली जाते ती निव्वळ आवई.

१९८९ च्या वसंतात हे दार उघडले. आत शिरल्यावर गोल जिना खाली उतरतो. जिन्याच्या पोकळीत बिनछपराची लिफ्ट आहे. चाकाच्या खुर्चीतला पाहुणाही सर्वांसोबत त्याच दारातून, त्याच जागी उतरतो. तळाशी उभे राहून वर पाहिले की काचेपलीकडे वाडा दिसतो, आणि दनों, सुली, रिशल्यू या वाड्याच्या तीन बाजूंपैकी कोणतीकडे कोणती वाट जाते हे पाटी न वाचताही उमगते. या साऱ्या आखणीत खरी हुशारी येथे आहे. पिरॅमिडचे कौतुक उगाच जास्त होते.

फसगत झाली ती आकड्यांत. हिशेब धरला होता वर्षाला सुमारे ४५ लाख पाहुण्यांचा. २०१८ मध्ये एक कोटीहून अधिक आले. काच आणि दगड यांच्यामध्ये गोंगाट घुमू लागला, रांगा प्रांगणभर पसरल्या. २०१४ ते २०१६ दरम्यान तिकीटखिडक्या आणि सामानघर बाजूला हलवून मधली जागा मोकळी केली. तेही पुरले नाही. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी वाड्याच्या पूर्वेकडील स्तंभपंक्तीच्या बाजूला आणखी एक प्रवेशद्वार काढण्याची घोषणा केली.