वाऱ्यावर जगणारे इंजिन

घाटात मोटार तापली की थांबावे, इंजिन निवू द्यावे आणि रेडिएटरमध्ये पाणी घालावे, एवढेच माझे यंत्रज्ञान. विमान चालवायला शिकणारी माझी भाची सुटीत आली, तेव्हा तेच मी तिला ऐकविले. ती हसली. "मामा, आमच्या सेस्नाला रेडिएटरच नाही!"

शिकाऊ वैमानिकांच्या हाती बहुधा येणाऱ्या सेस्ना १७२ चे चार सिलिंडरांचे लायकमिंग इंजिन मुख्यतः वाऱ्यावरच थंड होते. पुढून शिरलेली हवा सिलिंडरांवरच्या पातळ पात्यांमधून वाहते. तिने वाट चुकू नये म्हणून पत्र्याचे आडोसे आणि रबरी पट्ट्या असतात. सिलिंडर-हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस!

खरी कसोटी चढताना. जोर पुरा आणि वेग थोडा. उष्णता भरपूर, वारा मात्र बेताचा. त्यातून विदर्भातला मे महिना! हवाच मुळी तापून विरळ झालेली. विमान नीट चढेना की नवखा माणूस नाक आणखी वर करतो, आणि उरलासुरला वाराही गमावतो.

भाची एकटीच उडत होती. तेलाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. तिने नाक खाली केले, वेग वाढू दिला, जोर उतरविला. मिश्रणात इंधन मात्र सढळ ठेवले. जादा इंधनानेही इंजिनाला गारवा मिळतो, हे मला नवेच! तरी काटा हटेना, तेव्हा ती सरळ धावपट्टीवर परतली. तपासणीत एक रबरी पट्टी फाटलेली निघाली.

"भीती नाही ग वाटली?" ताईने विचारले.

"तेव्हा नाही. खाली उतरल्यावर पाय लटपटले."