नोकरी सांभाळून एम.ए.

पदवी मिळते, नोकरी लागते, संसार उभा राहतो. आणि पस्तिशी-चाळिशी गाठल्यावर पुन्हा शिकावेसे वाटू लागते. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या अनेकांची ही अवस्था आहे. कोणी इतिहासात, कोणी राज्यशास्त्रात वा मराठीत एम.ए. करावे म्हणून चौकशी करतो, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा घरातूनच येतो : "आता या वयात, आणि तेही कला शाखेत?"

नोकरदाराला शिकता आले पाहिजे, हा विचार आपल्याकडे जुनाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, त्याचे वर्ग सकाळी भरत. दिवसा पोट भरण्यासाठी राबणाऱ्या तरुणांची त्यात सोय होती. आज ही सोय मुख्यतः मुक्त विद्यापीठे करतात : १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आणि १९८९ पासूनचे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मराठीतून उत्तरे लिहू इच्छिणाऱ्याने आधी नाशिककडे पाहावे.

प्रवेशापूर्वी एक हिशेब मात्र अवश्य मांडावा. इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ८० श्रेयांकांचे एम.ए. धरले, तर २४०० तास होतात. ते दोन वर्षांत बसवायचे म्हणजे आठवड्याला सुमारे २३ तास, दररोज सव्वातीन तासांहून अधिक, आणि रविवारही त्यातून सुटत नाही. पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेला किंवा एस.टी.च्या वाहकाला हे कसे जमावे? पण विद्यापीठ याच पदवीसाठी कमाल चार वर्षांची मुदत देते. चार वर्षांत तेच काम रोज सुमारे एक तास चाळीस मिनिटांवर येते. पहाटेच्या घंटेला उठून अभ्यासाला बसलेल्यांना हा आकडा अपरिचित वाटू नये. चार वर्षे लागली म्हणजे मागे पडलो, असे मानण्याचे कारण नाही. मुदत त्यासाठीच आहे. दोन वर्षांचा आग्रह धरून पहिल्या परीक्षेनंतर पुस्तके माळ्यावर टाकणारे मी बरेच पाहिले आहेत. स्त्रियांच्या बाबतीत तर हा वेळ घरातल्या कामांची वाटणी बदलल्याखेरीज निघत नाही, आणि ते बोलणे प्रवेश-अर्ज भरण्याआधीच व्हावे.

आता कला शाखेविषयी. प्रौढ विद्यार्थी वर्गात, किंवा वर्गाबाहेर म्हणा, रिकाम्या हाताने येत नाही. राज्यशास्त्राच्या पुस्तकात १९९२ची ७३वी घटनादुरुस्ती, ग्रामसभेचे अधिकार आणि राखीव जागा यांचे प्रकरण असते. ग्रामपंचायतीत पंधरा वर्षे काम केलेल्याला ते वाचताना गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा आठवते, सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी बसून बोलणारे त्यांचे यजमान आठवतात. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याजवळ ही सामग्री नसते. पण इथेच एक अडचण उभी राहते. "आमच्या गावात असे घडले" हे परीक्षेतले उत्तर होत नाही. एका गावावरून किती म्हणता येईल, दुसऱ्या गावात वेगळे घडले असल्यास कशामुळे, ज्या अहवालाच्या आधारे आपण बोलतो तो कोणी आणि कोणासाठी लिहिला, हे विचारावे लागते. स्वतःचा अनुभव असा तपासायला काढणे कधी कधी क्लेशदायकही होते, विशेषतः जो अनुभव अपमानाचा असतो तो. तरीही माझ्या मते या पदवीची खरी कमाई तीच आहे. बढती मिळाली तर ती वेगळी.

अध्यापनाकडे वळण्याचा विचार असेल, तर गुणांकडे प्रारंभापासून लक्ष हवे. एम.ए. उत्तीर्ण व्हायला इग्नूत ४० टक्के पुरतात. नेट परीक्षेसाठी मात्र पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना आणि क्रीमी लेयरबाहेरील इतर मागासवर्गीयांना ५० टक्के. चार वर्षे झिजून ४६ टक्के हाती आल्यावर हे कळले, तर फार उशीर झालेला असतो. म्हणून गृहपाठ, ज्याला स्वाध्यायही म्हणतात, तो दुसऱ्याच्या वहीवरून उतरवू नये. बाजारात तयार उत्तरांच्या पुस्तिका मिळतात. त्या घेणाऱ्याचा लिहिण्याचा हात तयार होत नाही आणि सत्रांत परीक्षेत तीन तास लिहिताना ते उघडे पडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. ती आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी, दलालाच्या शब्दावर विसंबू नये. शासकीय सेवेत असणाऱ्यांनी पूर्वपरवानगीविषयी आस्थापना शाखेत आधी विचारावे, आणि मिळालेले उत्तर लेखी घ्यावे.

ज्यांचा निर्णय अजून होत नाही, त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे. इग्नूची पाठ्यपुस्तके ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आपल्याला हव्या असलेल्या विषयाचा एक भाग उतरवून घ्यावा, महिनाभर ठरल्या वेळी वाचावा आणि शेवटी त्यातील एका प्रश्नाचे उत्तर पुस्तक मिटून हाताने लिहावे. प्रवेश-शुल्क त्यानंतर भरावे. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना होतात.