जुन्या मोटारीसाठी जॅक कसा निवडावा?

खेडोपाडी जुन्या जीपगाड्या अजून धावतात. एखाद्या घरच्या पडवीत जपून ठेवलेली अँबॅसडरही दिसते. अँबॅसडर तयार होणे २०१४ सालीच थांबले, तेव्हा त्यातली अगदी शेवटची गाडीसुद्धा आता जुनीच म्हणायची. अशा गाड्यांबरोबर कारखान्याने दिलेला जॅक बहुधा केव्हाच हरवलेला असतो. मग टायर बसला की कोणाचा तरी जॅक मागून आणायचा, खाली दोन विटा सारायच्या आणि वेळ मारून न्यायची. पण अधांतरी गाडी घसरली, तर बोटे, हात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून जॅक घेताना काय पाहावे, ते आज पाहू.

बाजारात मुख्यतः दोन जातींचे जॅक मिळतात. एक आट्यांचा, म्हणजे कात्रीसारखा उघडणारा. दुसरा तेलाचा, बाटलीच्या आकाराचा. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी कड म्हणजेच जॅकचे आटे. ओझे सरळ उचलण्याऐवजी आपण ते लांबच लांब चढणीवरून वर नेतो, म्हणून जोर कमी लागतो. हात सोडला तरी आट्यांतल्या घर्षणामुळे दांडा सहसा उलटा फिरत नाही.

तेलाचा जॅक पास्कलच्या नियमावर चालतो. सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या, एक बारीक व एक जाड, पाणी भरून नळीने जोडा. बारीक पिचकारी बोटाने दाबली की जाड पिचकारीचा दट्ट्या जड पुस्तकही उचलतो. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ वीसपट असेल, तर १० किलोच्या दाबाने २०० किलो उचलता येतात; मात्र लहान दट्ट्या २० सेंटीमीटर सरकावा तेव्हा मोठा एक सेंटीमीटर वर येतो. निसर्ग फुकट काही देत नाही! या जॅकमध्ये सगळा भार आतल्या तेलावर असतो. रबरी सील झिजले की तेल पाझरते आणि गाडी हळूहळू, कधी एकदमही, खाली बसते. म्हणून जुना तेलाचा जॅक घेताना त्यावर गाडी थोडी उचलून पाव तास तशीच ठेवा आणि उंची आधी व नंतर मोजा. उतरली असेल तर तो जॅक घेऊ नका.

आता निवड. तीन गोष्टी पाहायच्या: उंची, वजन आणि टेकण्याची जागा.

उंची मोजायची ती हवा गेलेल्या चाकावर. घरीच एका चाकाची हवा सोडा आणि जॅक जिथे टेकणार तिथली जमिनीपासूनची उंची घ्या. मिटलेला जॅक तेवढ्यात शिरला पाहिजे. बाटलीचा जॅक उभट असतो. उंच जीपच्या अ‍ॅक्सलखाली तो बसतो, पण बुटक्या मोटारीखाली पुष्कळदा शिरतच नाही. तिथे कात्रीचा जॅक बरा. दुसरे माप वरचे. स्टेपनीत हवा भरलेली असते, म्हणून ती बसवायला गाडी आणखी उंच न्यावी लागते. हे माप लोक विसरतात आणि मग जॅकखाली दगड रचत बसतात.

वजनाचा आकडा जॅकवर लिहिलेला असतो. अँबॅसडर रिकामी असता ११०० किलोच्या आसपास भरते. एका कोपऱ्यावर सगळा भार येत नाही हे खरे, तरीही संपूर्ण गाडीच्या वजनाहून अधिक क्षमतेचाच जॅक घ्यावा. दोन टनांचा घेतला तर काळजी नको.

तिसरी गोष्ट जुन्या गाडीत सर्वांत महत्त्वाची. कित्येक जुन्या मोटारींना दारांखालच्या पट्टीपाशी जॅक लावण्याची जागा दिलेली असते. पण पावसाळ्यांमागून पावसाळे जाऊन तिथला पत्रा आतून गंजतो. वरून रंग चांगला दिसेल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला, पापुद्रे गळले, तर तिथे भार देऊ नका. जीपला पाटे जिथे अ‍ॅक्सलला बांधलेले असतात, त्याच्या शेजारी अ‍ॅक्सलखाली जॅक लावावा. जॅकचे डोके सपाट गुळगुळीत नको, खाच असलेले हवे, म्हणजे गोल अ‍ॅक्सल निसटत नाही.

जॅकबरोबर फूटभर लांबरुंद, जाड लाकडी फळीही गाडीत ठेवा. काळ्या रानात किंवा ओल्या साइडपट्टीवर नुसता जॅक जमिनीत रुततो आणि कलंडतो.

चाक बदलताना गाडी सपाटीला घ्या, माणसे उतरवा, हँडब्रेक ओढा. नुसत्या गिअरवर विसंबू नका. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एक मागचे चाक उचलले की गिअरची पकड राहत नाही. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी द्या. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग उचला. काढलेले चाक पट्टीखाली आडवे सारून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर टेकेल.

आणि शेवटचे, पण पहिल्यांदा ध्यानात ठेवायचे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना आपण टेकू दिल्याशिवाय चाकाला हात लावत नाही. मोटार तर कितीतरी जड! जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली क्षणभरही शिरू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. खाली काम करायचेच असेल तर लोखंडी घोडे लावा. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे भाराखाली अचानक फुटतात. एवढे पथ्य पाळले, तर जुनी गाडीही पुष्कळ दिवस सुखाने चालेल आणि चालवणारा सुखरूप घरी येईल.