फुटबॉलचे आवरण : सपाट तुकड्यांतून गोल कसा साधतो

मालाची पारख हे व्यापाऱ्याचे पहिले भांडवल होय, असे आपले वडीलधारे सांगत आले. कापडाचा पोत बोटांनी, धान्याचा दाणा दातांखाली आणि सोन्याचा कस कसोटीवर पाहण्याची विद्या आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. परंतु काही वस्तू नित्य आपल्या हातून जात असूनही त्यांची घडण आपण क्वचितच न्याहाळतो. फुटबॉलचा चेंडू ही त्यांपैकीच एक होय. गोमंतकात या खेळाचे वेड किती आहे, हे सांगावयास नको. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू मैदानावर उतरले म्हणजे पेठापेठांतून माणसे तिकडे लोटतात. दुकानात जाळीत टांगलेला चेंडू गिऱ्हाईक दाबून पाहते, जमिनीवर आपटून पाहते आणि विचारते, “हा आणि तो दिसावयास सारखेच, मग किंमतीत दुपटीचे अंतर का?” या प्रश्नास नीट उत्तर आपल्यापैकी थोड्यांनाच देता येईल. ते उत्तर चेंडूच्या आवरणात, त्याच्या तुकड्यांच्या बेतात व शिवणीत दडलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचीच थोडी उकल करावयाची आहे.

मूळ अडचण

संत्र्याची साल काढून ती पाटावर सपाट पसरू पाहावी. ती फाटल्यावाचून पसरत नाही. उलट, कागदाचा ताव चेंडूवर गुंडाळू पाहावा. त्यास चुण्या पडल्यावाचून राहत नाहीत. सपाट वस्तू ताणल्याखेरीज किंवा कापल्याखेरीज गोलावर बसत नाही, हा भूमितीचा नियम आहे. चामडे असो वा रेक्झिन, कारखान्यात येते ते सपाटच. म्हणून त्याचे तुकडे कापून ते जोडावे लागतात. या तुकड्यांना त्या धंद्यात ‘पॅनेल’ म्हणतात.

येथे बेत करणाऱ्यापुढे दोन खर्च उभे राहतात. तुकडे लहान व पुष्कळ केले, तर गोल चांगला साधतो. पण शिवण वाढते, मजुरी वाढते. तुकडे मोठे व थोडे केले, तर शिवण वाचते. पण प्रत्येक तुकड्यास अधिक ताणावे लागते आणि चेंडू लवकर बेढब होतो. फुटबॉलच्या आवरणाचा सारा इतिहास म्हणजे या दोन खर्चांचा मेळ घालण्याचा प्रयत्न होय.

अठरा पट्ट्यांचा चेंडू

जुन्या काळचा प्रचलित चेंडू अठरा पट्ट्यांचा असे. एखादी चौकोनी पेटी फुगवून गोल केली आहे, अशी कल्पना करावी. पेटीच्या सहा बाजू, आणि प्रत्येक बाजूवर तीन समांतर पट्ट्या, मिळून अठरा. शेजारच्या बाजूवरील पट्ट्या आडव्या-उभ्या बदलत जातात, त्यामुळे शिवणी एका रेषेत येत नाहीत व आवरण बळकट होते. १९५४ च्या विश्वचषक स्पर्धेतील चेंडू याच बेताचा होता.

या बेतात उणीव अशी की, लांब पट्टी एका दिशेने सहज वाकते, पण दोन्ही दिशांनी वाकावयास कुरकुरते. पट्टीच्या लांबीकडे ताण एक आणि रुंदीकडे दुसरा. कालांतराने चामडे जिकडे सैल तिकडे फुगते आणि चेंडू लांबोडा होऊ लागतो. त्यातच चामडे पावसात पाणी पिऊन जड होई, ते निराळेच.

बारा आणि वीस

डेन्मार्कचे माजी गोलरक्षक आयगिल नीलसेन यांनी १९४७ साली ‘सिलेक्ट’ ही चेंडू करणारी कंपनी काढली. याच कंपनीने १९६२ मध्ये बत्तीस तुकड्यांचा चेंडू पुढे आणला. त्यात बारा पंचकोन आणि वीस षट्कोन असतात. १९७० साली मेक्सिकोतील विश्वचषकात ‘आदिदास’ कंपनीचा ‘टेलस्टार’ चेंडू याच बेताचा होता. त्याचे पंचकोन काळे व षट्कोन पांढरे ठेवले होते. कारण त्या काळच्या कृष्णधवल दूरचित्रवाणीवर चेंडू स्पष्ट दिसावा. तेव्हापासून फुटबॉल म्हटले की हेच काळे-पांढरे चित्र लहान मुलांच्या चित्रवहीतही उमटू लागले.

ही आकृती मात्र कारखानदारांनी शोधलेली नव्हे. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने वर्णिलेल्या तेरा घनाकृतींपैकी ती एक आहे, आणि १५०९ साली छापल्या गेलेल्या लुका पाचोली यांच्या ग्रंथात लिओनार्दो दा विंची यांनी काढलेले तिचे चित्र आढळते. १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा एक रेणू सापडला. त्याचे अणू याच आकृतीच्या साठ कोपऱ्यांवर बसलेले असतात, आणि त्या शोधास १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोनांचा जमाखर्च

बारा आणि वीस हेच आकडे का? हे समजण्यास मोठे गणित नको. जमाखर्चाची सवय पुरेशी आहे.

षट्कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा. तीन षट्कोन एका बिंदूपाशी जोडले, तर ३६० अंश पुरे भरतात आणि मधाच्या पोळ्यासारखी सपाट फरशी तयार होते. नुसत्या षट्कोनांचा चेंडू म्हणूनच होऊ शकत नाही. आता एका षट्कोनाच्या जागी पंचकोन घ्यावा. त्याचा कोन १०८ अंशांचा. दोन षट्कोन व एक पंचकोन मिळून ३४८ अंश होतात. १२ अंशांची तूट येते. ही तूट भरून काढण्यासाठी तुकड्यांना वाकावेच लागते, आणि तेथून गोलाई सुरू होते. चेंडूवर असे साठ कोपरे आहेत. साठ गुणिले बारा म्हणजे ७२० अंश. आणि कोणतीही अशी बंद आकृती पुरी होण्यास नेमकी एवढीच एकूण तूट लागते. प्रत्येक कोपऱ्यावर तीन तुकडे मिळतात अशी अट ठेवली, तर पंचकोन बाराच लागतात. अकरा वा तेरा चालत नाहीत.

पंचकोनास पंचकोन चिकटू द्यावयाचा नाही, असे ठरविले की वीसचा हिशेबही सरळ होतो. बारा पंचकोनांच्या साठ कडा, आणि त्या प्रत्येकीला एकेक षट्कोन जोडलेला. प्रत्येक षट्कोन आपल्या सहा कडांपैकी तीन पंचकोनांना व तीन षट्कोनांना देतो. साठास तिनाने भागले की वीस षट्कोन आले.

या बेताचा लाभ आकड्यांत सांगता येतो. गोलात नेमका बसणारा चौकोनी ठोकळा त्या गोलाचा सुमारे ३७ टक्केच भाग व्यापतो. बारा पंचकोनांची आकृती सुमारे ६६ टक्के व्यापते. बत्तीस तुकड्यांची आकृती हवा भरण्यापूर्वीच सुमारे ८७ टक्क्यांपर्यंत पोहोचते. उरलेले काम ब्लॅडरमधील हवेचा दाब करतो. म्हणजे सामग्रीस थोडेच ताणावे लागते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

आता बेत कागदावरून साच्यावर येतो. पाच नंबरच्या चेंडूचा घेर नियमाप्रमाणे ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावे लागते. ७० सेंटिमीटर घेरासाठी तुकड्याची शिवणरेषेवरील बाजू सुमारे ४५ मिलिमीटर येते. पंचकोन असो वा षट्कोन, बाजू तीच हवी. कारण नव्वद ठिकाणी एकाची बाजू दुसऱ्याच्या बाजूस शिवावयाची असते. कडेची भोकेही साच्यातच पडतात, आणि दोन्ही आकारांच्या प्रत्येक बाजूवर ती मोजून सारखीच ठेवावी लागतात. शिवणीसाठी बाहेरून सोडलेली पट्टीही सर्वत्र एकच हवी.

साच्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर काय होईल? पंचेचाळीसात अर्धा म्हणजे एक टक्क्याहून किंचित अधिक. चेंडूच्या घेरात तेवढ्याने सुमारे आठ मिलिमीटरचा फरक पडतो. नियमाने दिलेली सवलत अवघी दोन सेंटिमीटर. म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या चुकीत ती सारी सवलत संपते. आणि चूक केवळ पंचकोनांतच असेल तर फुगवट्याचा समतोल बिघडून चेंडू घरंगळताना डुलू लागतो.

कापणीचाही एक हिशेब आहे. षट्कोन तावावर एकमेकांस चिकटून मांडता येतात, मध्ये जागा वाया जात नाही. पंचकोन मात्र कितीही कौशल्याने मांडले, तरी त्यांच्यामध्ये सुमारे आठ टक्के ताव वाया जाणारच. हा दोष कारागिराचा नव्हे, आकाराचा आहे. तावाच्या पाठीवर कापडाचे अस्तर डकवलेले असते. ते आवरणास बेताबाहेर फुगू देत नाही. स्वस्त चेंडूत पहिली काटकसर या अस्तरातच होते, आणि ती वरून दिसत नाही.

आपल्या समाजास समाधान वाटावे अशी एक गोष्ट येथे नमूद करतो. १९८६ च्या विश्वचषकातील ‘अझ्टेका’ हा त्या स्पर्धेतील पहिला पूर्णपणे कृत्रिम आवरणाचा चेंडू. चामडे पाणी पिते, म्हणून ते गेले. कारण व्यावहारिक होते, पण परिणाम जीवदयेस पोषक झाला.

शिवणारे हात

बत्तीस तुकड्यांच्या चेंडूत नव्वद शिवणी, म्हणजे सुमारे चार मीटर शिवण असते. कारागीर गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून, मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन सुया समोरासमोरून ओढीत, चेंडू उलटा शिवतो. शेवटच्या फटीतून तो सुलटा करून ब्लॅडर बसवतात, आणि ती फट बाहेरून अशी बंद करतात की गाठ दिसू नये. हे शेवटचे टाके सर्वांत कठीण. दिवसभर बसून निष्णात हातांचे तीन-चार चेंडू होतात.

या कामाचे मोठे केंद्र सियालकोट. १९४७ च्या फाळणीत तेथील अनेक कारागीर व कारखानदार जालंधरला आले, आणि आपल्या देशात हा धंदा तेथे व मेरठला रुजला. काम नगावर आणि घरोघरी दिले जाई, त्यामुळे घरातील मुलेही त्यास जुंपली जात. त्याचा बोभाटा जगभर झाल्यावर १९९७ मध्ये सियालकोटच्या व्यापारी मंडळाने आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफ यांच्यासह अटलांटा येथे करार केला आणि शिवणकाम देखरेखीखालील केंद्रांत नेण्याचे ठरले. स्वस्त चेंडूचा भाव विचारताना त्या भावात कोणाची मजुरी कापली गेली, हेही विचारण्याचा धर्म विकणाऱ्याकडे उरतोच.

शिवण वाचविण्याची मर्यादा

शिवण महाग, म्हणून ती कमी करण्याचे प्रयत्न झाले. २००६ च्या विश्वचषकात चौदा तुकडे उष्णतेने चिकटवलेला चेंडू आला. २०१० मध्ये ‘जाबुलानी’ आठच तुकड्यांचा निघाला. तो पूर्वीच्या चेंडूंहून अधिक गोल होता, तरीही गोलरक्षकांनी त्याच्या नावाने बोटे मोडली. चेंडू हवेत अकस्मात वाट बदले.

कारण शोधता असे दिसले की, शिवणीची खाच निरुपयोगी नसते. चेंडू वेगाने जाताना ती खाच पृष्ठालगतची हवा ढवळते. ढवळलेली हवा चेंडूच्या पाठीपर्यंत चिकटून राहते आणि त्याची गती स्थिर राहते. फार गुळगुळीत चेंडूस हा आधार कमी वेगात मिळत नाही. नासाच्या एम्स केंद्रातील तपासणीत आढळले की, जाबुलानीचे हे डळमळणे ताशी सुमारे ७२ ते ८० किलोमीटर वेगास होते. आणि गोलाजवळील फ्री किकचा वेग नेमका तेवढाच असतो. २०१४ च्या ‘ब्राझुका’त तुकडे सहाच होते, पण त्यांच्या कडा वळणावळणाच्या ठेवून शिवणीची लांबी पुन्हा वाढविली आणि पृष्ठ खरबरीत केले. तक्रारी ओसरल्या. २०२६ च्या स्पर्धेसाठीचा ‘ट्रायोंडा’ चार तुकड्यांचा. त्यात शिवणी मुद्दाम खोल ठेवल्या आहेत. तुकडे घटले, तरी शिवणीचे कार्य टाळता आले नाही.

दुकानातील परीक्षा

सभासदबंधूंनी माल घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, फीत घेऊन घेर तीन निरनिराळ्या दिशांनी मोजावा. वरच्या दर्जाच्या चेंडूत गोलाईतील फरक दीड टक्क्याहून अधिक चालत नाही. दोन, जेथे तीन शिवणी मिळतात तो कोपरा पाहावा. तेथे फट असेल तर साचा वा हात चुकला आहे. तीन, दोन तुकडे बोटांनी विलग करून दोरा किती दिसतो ते पाहावे. घट्ट टाक्यात तो क्वचितच दिसतो. चार, चेंडू सपाट फरशीवर हळू सोडावा. तो डुलत गेला तर आवरणाचा ताण असमान आहे.

ही परीक्षा देऊन उतरलेल्या चेंडूची किंमत गिऱ्हाइकास निःसंकोच सांगावी, आणि दुपटीचे अंतर का, हे त्याच्या हातात दोन्ही चेंडू देऊन शिवणीवर बोट ठेवून दाखवावे. ज्या खर्चास आपण प्रथम निरर्थक म्हणतो, तो खरोखर निरर्थक आहे काय, हे तपासल्याशिवाय त्यास कात्री लावू नये. आठ तुकड्यांच्या चेंडूने साऱ्या जगासमोर दिलेला हा धडा पेढीवरही उपयोगी पडेल, असे वाटते.