पर्यावरणरक्षणातील लोकसहभाग आणि भाषा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• 'जनजागृती' आणि 'लोकसहभाग' या संकल्पनांतील फरक सांगता येईल.
• पर्यावरणविषयक निर्णयप्रक्रियेत भाषेचे स्थान स्पष्ट करता येईल.
• प्रशासकीय मराठीतील एखादा मजकूर लोकांना समजेल अशा रीतीने मांडता येईल.

१. प्रस्तावना

पर्यावरण हा विज्ञानाचा विषय आणि भाषा हा साहित्याचा, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. प्रत्यक्षात नदी, डोंगर आणि जंगल यांविषयीचे निर्णय शब्दांतूनच घेतले जातात. अधिसूचना, अहवाल, नोटीस, ठराव, हरकत ही सारी भाषेचीच रूपे आहेत. ज्याला ही भाषा कळते तो निर्णयात भाग घेऊ शकतो. ज्याला ती कळत नाही त्याच्या वाट्याला केवळ निर्णयाचे परिणाम येतात. म्हणूनच पर्यावरणरक्षणाला लोकांचा पाठिंबा कसा मिळवावा, हे विचारण्याआधी लोकांशी कोणत्या भाषेत बोलले जाते, हे पाहावे लागते.

२. जनजागृती आणि लोकसहभाग

'जनजागृती' या शब्दात एक रूपक दडलेले आहे. लोक झोपलेले आहेत आणि त्यांना जागे करणारा कोणी दुसरा आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा, भित्तिपत्रके हे उपक्रम या कल्पनेतून येतात. त्यांचा उपयोग आहे. परंतु त्यांत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, अशी रचना असते.

'सहभाग' या शब्दाची घडण वेगळी आहे. 'भाग' म्हणजे वाटा. सहभागी होणे म्हणजे निर्णयात वाटा असणे. निर्णय आधीच झाला असेल आणि नंतर लोकांची मान्यता मागितली जात असेल, तर त्याला अनुमोदन म्हणता येईल. सहभाग म्हणता येणार नाही. टिकाऊ पाठिंबा दुसऱ्या मार्गाने मिळतो, कारण ज्या निर्णयात आपला वाटा आहे तो राखण्याची जबाबदारीही आपलीच वाटते.

३. कायद्यातील तरतूद आणि तिची मर्यादा

आपल्या कायद्याने ही गोष्ट काही अंशी ओळखली आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जाहीर लोकसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांतून द्यावी लागते. त्यांत एक प्रादेशिक भाषेतील दैनिक असावे लागते. मूल्यांकन अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक किंवा राज्याच्या राजभाषेत उपलब्ध करावा लागतो. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा वृत्तांत उपस्थितांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा लागतो. मात्र पूर्ण अहवाल बहुधा इंग्रजीतच राहतो.

जो सारांश मराठीत मिळतो, त्याची भाषाही तपासून पाहा. 'प्रकल्पक्षेत्रात योग्य ती वृक्षलागवड करण्यात येईल' अशा धाटणीचे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. या वाक्यात कर्ता नाही, संख्या नाही, मुदत नाही. 'करण्यात येईल' या रचनेत क्रिया दिसते, करणारा दिसत नाही. असे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही नागरिकाच्या हाती काहीच देत नाही. कोण लावणार, किती झाडे, केव्हापर्यंत, आणि ती जगली नाहीत तर जबाबदार कोण, हे प्रश्न विचारता येणे हीच सहभागाची पहिली पायरी होय.

२०२० मध्ये या अधिसूचनेच्या जागी आणावयाचा नवा मसुदा सरकारने हिंदी व इंग्रजीत प्रसिद्ध केला आणि त्यावर हरकती मागवल्या. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत मसुद्याचा अनुवाद करावा, असा आदेश दिला. सरकारने या आदेशाला आव्हान दिले. तरीही या निमित्ताने एक तत्त्व ठळकपणे पुढे आले : ज्या मजकुरावर मत मागायचे, तो मत देणाऱ्याच्या भाषेत असला पाहिजे.

४. न पोहोचलेला अहवाल

भाषेचा पूल नसला की काय घडते, हे पश्चिम घाटाच्या उदाहरणातून दिसते. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये आपला अहवाल केंद्र सरकारला सादर केला. तो खुला झाला मे २०१२ मध्ये, तेही माहिती अधिकाराचा लढा दिल्यानंतर. अहवाल स्थानिक भाषांत यावा आणि ग्रामसभांनी त्यावर चर्चा करावी, असा गाडगीळ यांचा आग्रह होता. परंतु गावागावांत अहवालाआधी अफवा पोहोचल्या. शेतकऱ्यांना घाटातून हुसकावून लावले जाणार, असा समज केरळच्या काही भागांत पसरला. अहवालावर मतभेद असू शकतात. मात्र न वाचलेल्या अहवालाला होणारा विरोध आणि न वाचलेल्या अहवालाला मिळणारा पाठिंबा, दोन्ही सारखेच पोकळ असतात.

५. एका शब्दाचे मोल : बांबू

आता याच्या उलट उदाहरण पाहू. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव. येथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. कायद्यातील कलमे, शासन निर्णय, जंगलाची माहिती यांवर तेथे चर्चा होते. शंका विचारण्याची मुभा असल्यामुळे विषय सर्वांच्या आकलनात येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

पण एक शब्द आडवा आला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील 'वृक्ष' या संज्ञेच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनहक्क कायद्याने मात्र बांबूला 'गौण वनोपज' म्हटले होते. बांबू वृक्ष मानला तर अधिकार वनखात्याचा, गौण वनोपज मानला तर ग्रामसभेचा. गावकऱ्यांनी या व्याख्यांचा अभ्यास केला आणि आपली मागणी सोडली नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने १९२७ च्या कायद्यातील त्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्दच वगळण्यात आला.

या उदाहरणात आणखी एक सूचन आहे. मेंढ्यातील लोकांची घरची भाषा गोंडी आहे. म्हणजे मराठीत आणले की लोकभाषेत आले, हे समीकरण सर्वत्र खरे नाही. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांसाठी शासकीय मराठी हीदेखील दूरची भाषा असू शकते.

६. स्थानिक शब्दांतील ज्ञान

संवाद दुहेरी असतो. शासनाची भाषा लोकांपर्यंत जावी, तशीच लोकांची भाषा शासनापर्यंत यावी. महसुली दप्तरात लागवडीला निरुपयोगी जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात. कोकणातला माणूस खडकाळ पठाराला 'सडा' म्हणतो. पहिला शब्द जमीन काय देत नाही ते सांगतो. दुसरा ती काय आहे ते सांगतो. सड्यावर पावसाळ्यात रानफुले उमलतात, गुरे चरतात आणि तेथे मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. अशाच खडकाळ पठारांपैकी साताऱ्याजवळील कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. माळ, कुरण, देवराई, वहाळ हे शब्द दप्तरात आले, तर त्यांच्याबरोबर त्या जागेचा उपयोग आणि तिच्याशी असलेले माणसांचे नातेही नोंदले जाते.

७. समारोप

पर्यावरणरक्षणासाठी केवळ सोपी भाषा पुरेशी नाही. सत्ता, पैसा आणि वेळ यांचेही प्रश्न असतात. परंतु भाषेचा अडथळा असताना इतर हक्क वापरताच येत नाहीत. मराठीचे अभ्यासक म्हणून आपले काम येथे सुरू होते. उद्या आपल्या गावात लोकसुनावणीची नोटीस लागली, तर सारांश वाचून तो ग्रामसभेत समजावून सांगणारी आणि गावाची हरकत नेमक्या शब्दांत लिहून देणारी व्यक्ती आपणच असू शकता. अशी हरकत मुदतीत, लेखी आणि मुद्देसूद असली की तिची नोंद घ्यावी लागते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'जनजागृती' आणि 'लोकसहभाग' यांतील फरक सोदाहरण लिहा.
२. 'करण्यात येईल' या रचनेमुळे जबाबदारी कशी अस्पष्ट होते ते सांगा.
३. बांबूच्या व्याख्येचा ग्रामसभेच्या अधिकाराशी असलेला संबंध स्पष्ट करा.

उपक्रम

आपल्या परिसरातील एखादी शासकीय सूचना मिळवा. तिच्यातील कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करा आणि ती 'कोण, काय, केव्हा' हे स्पष्ट होईल अशा रीतीने पुन्हा लिहा. नंतर ती घरातील ज्येष्ठांना वाचून दाखवा आणि त्यांनी विचारलेले प्रश्न नोंदवा.