बसून चालविण्याचे गवतकापणी यंत्र : कोणत्या बागेस सोयीचे?

पावसाळा सरताना कोकणातील आंबा-काजूच्या बागांत कुसळी गवत कमरेइतके वाढलेले असते. आश्विनात ते पिवळे पडू लागते, कुसळे गळून पडतात आणि पौष-माघापर्यंत सारी बाग वाळलेल्या काडाने भरून जाते. शेजारच्या माळावर कोणी टाकलेली विडी अथवा भाजावळीची उडालेली ठिणगी अशा बागेत शिरली, तर पाच-सात वर्षे घागरीने पाणी घालून जगविलेली कलमे एका दुपारी होरपळून जातात. म्हणून गवत वेळेवर कापणे हे तेथील बागायतदाराचे टाळता न येणारे काम होय. पूर्वी ते विळ्याने होत असे. आता कापणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तरी मजुरी परवडत नाही, आणि म्हणून यंत्राचा विचार घरोघर चालला आहे.

या विचारात अलीकडे एका नव्या यंत्राची भर पडली आहे. चार चाकांची छोटी गाडी, तिच्यावर आसन, पोटाखाली फिरती पाती, आणि चालक आरामात बसून गवत कापतो आहे, अशी चित्रे भ्रमणध्वनीवर पाहून अनेकांना त्याचा मोह पडतो. तो अस्थानी आहे असे नव्हे. परंतु हे यंत्र मुळात कशासाठी घडविले गेले ते आधी समजून घ्यावयास हवे.

हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये स्ट्राऊड या गावी एडविन बडिंग याने १८३० साली तयार केले. कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. बसून चालविण्याची आजची यंत्रे त्याच कुळातील आहेत. अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील खेड्यांत घराभोवती दोन-चार एकर सपाट, दगडविरहित हिरवळ राखणाऱ्या कुटुंबांना ती फार उपयोगी पडतात. तेथे गवत दर आठ-पंधरा दिवसांनी कापले जाते. ते वीतभरही वाढू दिले जात नाही. आपल्याकडे वर्षातून दोन-तीनदाच हात लागणारे कमरेइतके गवत पात्यांखाली गेले, की त्याचा लगदा होऊन पात्यांवरील टोपण तुंबते, पट्टा घसरतो आणि इंजिन दम टाकते. तेव्हा हे यंत्र घ्यावयाचे, तर गवत लहान असतानाच, म्हणजे श्रावणापासून, वारंवार कापण्याची तयारी हवी. नुसते यंत्र घेऊन भागत नाही, बागेची सारी वहिवाट बदलावी लागते.

कामाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. पात्यांची रुंदी साधारण एक मीटर आणि वेग ताशी ५ किलोमीटर धरला, तर तासाला ५,००० चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकराच्या आसपास क्षेत्र कापून होते. वळणे घेण्यात आणि एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढविण्यात यातील पाव ते तृतीयांश वेळ जातो. म्हणजे हाती एका तासास पाऊण-एक एकर पडते. समजा, एखाद्या बागायतदाराची पाच एकर आंब्याची बाग आहे आणि लागवड १० बाय १० मीटरवर आहे. एकरी ४० या प्रमाणे २०० झाडे झाली. प्रत्येक बुंध्याभोवतीचे गवत यंत्राने निघत नाही. ते विळ्याने अथवा खांद्यावरच्या यंत्राने काढावेच लागते. ते सोडून उरलेले काम सहा-सात तासांचे. वर्षातून सहा वेळा कापणी केली, तरी चाळीस-बेचाळीस तासांहून अधिक काम निघत नाही. काही लाख रुपयांचे यंत्र उरलेले वर्षभर पडवीत उभे राहणार असेल, तर ते एकट्याने घेण्यात शहाणपण नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून घेतले, किंवा गावच्या अवजारे बँकेत ठेवून भाड्याने दिले, तर हिशेब निराळा होतो.

किमतीहूनही मोठा प्रश्न उताराचा आहे. बसून चालविण्याच्या यंत्रांचे बहुतेक निर्माते १५ अंशांहून अधिक उतारावर ते नेऊ नये असे बजावतात. अंश मोजण्याचे साधन घरी नसले तरी अडत नाही. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्यावी, तिचे एक टोक उतारावर टेकवून ती आडवी धरावी आणि तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवावी. पट्टी बरोबर समपातळीत आली, की दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते १८ सेंटिमीटरच्या आसपास आले तर उतार १० अंशांचा, २७ सेंटिमीटर आले तर १५ अंशांचा समजावा. मोजमाप बागेत दहा ठिकाणी घ्यावे आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा धरावा. सरासरी काढून उपयोग नाही, कारण यंत्र उलटते ते सरासरीवर नव्हे, एका जागी उलटते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राच्या अर्जाचा विचार करण्यापूर्वी ही पट्टी आणि पाणसळ घेऊन बागेत एक फेरी मारली, तर पुढचे बरेच अनर्थ टळतील.

उतारावर हे यंत्र नेहमी वरून खाली आणि खालून वर असे सरळ चालवावे, आडवे चालवू नये. चालत ढकलावयाच्या यंत्राचा नियम याच्या नेमका उलट आहे. ते उताराला आडवे चालवावे, म्हणजे पाय घसरला तरी माणूस पात्यांखाली जात नाही. दव अथवा पाऊस पडून गवत ओले असताना सौम्य उतारावरही चाके घसरतात. मुलाला मांडीवर बसवून फेरी मारण्याची हौस कोणीही करू नये. चालक आसनावरून उठताच पाती थांबविणारी कळ यंत्राला असते. ती खटकते म्हणून तारेने बांधून ठेवण्याची चलाखी काही जण करतात. तसे करणे म्हणजे आपल्या पायांची राखण आपणच काढून टाकणे होय.

आता जांभ्याविषयी. कोकणातील बागेत दगड नाही असा वाफा विरळा. फिरते पाते दगडावर आदळले, तर पाते वाकते, त्याचा दांडा वाकडा होतो, आणि उडालेला तुकडा गोळीसारखा जातो. गवत वाढल्यावर दगड दिसत नाही. म्हणून वैशाखात, जमीन उघडी असताना, काढता येणारे दगड वेचून गडग्याला लावावेत आणि न निघणाऱ्या कातळाजवळ व वारुळाजवळ उंच खुंटी ठोकून तिला चुना फासावा. हे एका दिवसाचे काम आहे, पण यंत्र विकणारा ते कधी सांगत नाही. गडग्यातील बेड्याची रुंदीही त्याच दिवशी मोजून ठेवावी. यंत्र दारात आल्यावर बेडे अरुंद असल्याचे ध्यानात यावे, यासारखी फजिती नाही. काजूच्या फांद्या जमिनीलगत पसरतात. आसनावर बसलेला माणूस त्यांखालून जाईल किंवा नाही, हेही पाहावे.

या सर्व कसोट्यांना उतरणारी बाग असते का? असते. डहाणू-घोलवडच्या सपाट पट्ट्यातील चिकूच्या जुन्या बागा, जेथे ओळी रुंद आहेत आणि खालच्या फांद्या छाटलेल्या आहेत, तेथे हे यंत्र चांगले चालण्याजोगे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील डोंगरउतारावरच्या कातळी बागेत मात्र त्याचा विचार सोडून द्यावा हे बरे.

तेथे कोणते यंत्र घ्यावे, हे कापलेल्या गवताचे काय करावयाचे यावर ठरते. गुरांसाठी वैरण हवी असेल तर कातरीसारखी पुढे-मागे सरकणारी दातेरी पट्टी असलेले चालते यंत्र घ्यावे. ते गवत बुडाशी कापून अखंड आडवे पाडते, भारे बांधता येतात. गवत बागेतच कुजवावयाचे असेल तर फिरत्या पात्याचे यंत्र त्याचे तुकडे करून देते. रानमोडीची झुडपे माजलेली असतील, तर आडव्या दांड्यावर अनेक सुटी पाती टांगलेले यंत्र अधिक टिकते, कारण दगड लागला की ती पाती मागे झुकतात. आणि जेथे चाकच फिरत नाही तेथे खांद्यावरचे यंत्र आहेच. त्याने एक माणूस दिवसाला साधारण अर्धा ते एक एकर काढतो. चालविणाऱ्याने डोळ्यांवर जाळी अथवा चष्मा, कानांत बोळे आणि पायांत जाड बूट घालावेत. पंधरा मीटरच्या आत दुसरे माणूस किंवा जनावर असू नये. दोन-फेरी इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल अंदाजाने ओतू नये. निर्मात्याने ५० भागांस एक भाग सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५ भागांस एक सांगितले असेल तर ४० मिलिलिटर, असे मापून घालावे. बंद पडलेल्या यंत्रांपैकी कित्येकांचे मूळ दुखणे या तेलातच सापडते.

वणव्याच्या दृष्टीने एक सूचना येथेच करावयास हवी. बागेच्या कडेने दहा-पंधरा फुटांची जाळरेषा काढताना नुसते गवत कापून तेथेच पडू दिले, तर ते वाळून उभ्या गवताइतकेच पेट घेते. ते ओढून काढून आतल्या खड्ड्यात कुजवावे. कडेच्या दोन ओळींतील झाडांना वाळल्या गवताचे आच्छादन घालू नये.

शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदान घ्यावयाचे असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा. हवे ते यंत्र योजनेच्या यादीत आहे की नाही, आणि त्या नमुन्याची मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रासारख्या अधिकृत संस्थेत चाचणी झाली आहे काय, याची कृषी कार्यालयात चौकशी करावी. पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्यापूर्वी यंत्र विकत घेतले, तर अनुदान मिळत नाही.

विक्रेत्यास यंत्र दुकानापुढच्या अंगणात चालवून दाखवू देऊ नये. ते आपल्याच बागेत, भाद्रपद-आश्विनातील वाढल्या गवतात, सर्वांत चढ्या जागी निदान तासभर चालवून घ्यावे. त्याच वेळी पाते, पट्टा व गाळणी हे तीन सुटे भाग जवळच्या तालुक्याच्या बाजारात मिळतात का, हे विचारावे, आणि मिळतात असे उत्तर आले तर प्रत्येकी एक भाग तेव्हाच खरेदी करून पावती घ्यावी.