रेणूंचा तराजू आणि माणसाचा हात

आज छत्तीसगढची राजधानी असलेले रायपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. पुढे राज्ये वेगळी झाली. परंतु विदर्भ आणि छत्तीसगढ यांना जोडणारे एक दुःख मात्र कायम राहिले. ते म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. या विकारात तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. रायपुरात या विकारासाठी राज्याची स्वतंत्र संस्था आहे. हा विकार २०४७ पर्यंत हटविण्यासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे.

या व्याधीचे मूळ एका प्रथिनात आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दोष नेमका कोठे आहे तेही शोधून काढले. हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ ॲमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि एवढ्यानेच अनर्थ ओढवतो. या अदलाबदलीने साखळीचे वस्तुमान ३० डाल्टनने घटते. डाल्टन म्हणजे ढोबळमानाने हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. इतका सूक्ष्म फरक ओळखणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, अर्थात रेणूंचा तराजू.

या तराजूत रेणू थेट ठेवता येत नाही. प्रथम ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने प्रथिनाचे ठराविक जागी तुकडे करतात. मग त्या द्रावणाचा उच्च विद्युत्दाबाखाली सूक्ष्म फवारा उडवितात. ही युक्ती प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंना लागू केल्याबद्दल जॉन फेन यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विद्युत्भारित झालेले तुकडे यंत्रात वस्तुमान आणि भार यांच्या प्रमाणानुसार वेगळे होतात. निरोगी बीटा साखळीचा आठ आम्लांचा पहिला तुकडा ९५१.५ डाल्टनचा, तर सदोष साखळीचा तोच तुकडा ९२१.५ डाल्टनचा भरतो.

परंतु औषध शोधणाऱ्याला कोणते प्रथिन आहे एवढे कळून भागत नाही; ते किती आहे, हेही कळावे लागते. हायड्रॉक्सीयुरिया हे या विकारावरील जुने औषध. त्याच्या योगाने गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन शरीरात पुन्हा वाढते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण कमी होते. निरोगी प्रौढाच्या रक्तात हे हीमोग्लोबिन सामान्यतः १ टक्क्याहूनही कमी असते. मध्य भारतातील अनेक सिकलसेल रुग्णांत मात्र ते मुळातच बरेच अधिक आढळते. म्हणून परदेशी रुग्णांवरून काढलेले आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथील रक्त येथेच काळजीपूर्वक मोजावे लागते. रुग्णालयातील नेहमीची तपासणी साध्या पद्धतींनी होते; नव्या औषधाच्या संशोधनात, अनेक प्रथिने एकाच वेळी मोजावयाची असतात तेव्हा, हा तराजू उपयोगी पडतो.

मोजण्याची रीत मोठी चतुर आहे. मोजावयाच्या तुकड्यासारखाच, पण कार्बन व नायट्रोजन यांच्या जड अणूंनी बनविलेला तुकडा ज्ञात प्रमाणात नमुन्यात मिसळतात. रासायनिकदृष्ट्या दोघे सारखेच. वजनात मात्र काही डाल्टनांचा फरक. रुग्णाच्या तुकड्याचा संकेत जड तुकड्याच्या दुप्पट आला, तर त्याचे प्रमाणही दुप्पट, असा हा हिशेब.

या हिशेबाचा कमकुवत दुवा यंत्रात नसून माणसाच्या हातात असतो. जड तुकडा १० मायक्रोलिटरऐवजी चुकून ९ पडला, तर रुग्णाच्या प्रथिनाचा आकडा सुमारे ११ टक्क्यांनी फुगतो आणि औषधाने काहीच केलेले नसताना गुण आल्याचा भास होतो. पचन अपुरे राहिले, तर तुकडे कमी मिळतात आणि जड तुकडा पचनानंतर मिसळला असेल, तर ही तूट कळतही नाही. हातमोजे न घालता काम केले, तर त्वचेतील केराटिन नमुन्यात शिरते. यंत्र या चुकांबद्दल तक्रार करीत नाही. ते चुकीचा आकडाही तितक्याच सुबकपणे छापते.

म्हणूनच ही विद्या केवळ पुस्तकातून येत नाही. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने प्रथिनशास्त्राचे प्रात्यक्षिक वर्ग चालविले आहेत. अशा वर्गात शिकणाऱ्याने एकच नमुना अनेकदा स्वतः तयार करावा, आपलेच आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत आणि ते का जुळले नाहीत याचा शोध घ्यावा, हीच खरी शिकवण. रायपुरात १९६४ मध्ये स्थापन झालेले रविशंकर विद्यापीठ आहे, २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे आणि रुग्ण तर भोवतीच आहेत. तेथील औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाताला ही शिस्त लागली, तर जेथे व्याधी आहे तेथेच तिचे मोजमाप विश्वासाने होईल.

रक्ताचा थेंब देणारे मूल त्या आकड्याची पारख करू शकत नाही. त्याच्या वतीने ती पारख, थेंब हाती घेणाऱ्यालाच करावी लागते.